यंत्राला दाखवायचा फोटो

ग्रीनफील्ड, ९ मार्च

सेली बाळ,

फोनवर तू "मावशी, मान तरी हलव" म्हणतेस आणि मी त्या काचेसमोर मुंडी हलवत बसते. मला नाही ते जमायचं. फोन मी कपाटात ठेवून दिलाय, चादरींच्या खाली. आता जे बोलायचं ते कागदावर.

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणतात, गाठ का झाली ते सांगता येत नाही. अगं, मला येतं की सांगता! इतकी वर्षं फवारा मारलेल्या शेतांतून ओल्या पानांत चाललेय मी. पण आता मला कळतंय तर सांगायला आवाज नाही, बघ कशी गंमत. तुझी आई गेल्यावर तुला मी वाढवलं ते नुसतं ओरडून वाढवलं. आता ओरडता येत नाही, म्हणून जिथे अक्षर मोठं दिसेल तिथे मी ओरडतेय असं समज. जेवतेस का वेळेवर? जेवत जा!

नव्या मळ्यावर फवारणी नाही, सगळं सेंद्रिय. म्हणजे काय, तर तण हाताने उपटायचं. लेट्यूसची रोपं एवढीशी असतात, त्यांच्यामध्ये खुरपं घातलं की रोपच जातं. सकाळी धुक्यात वाकले की जेवायच्या सुट्टीलाच सरळ होते, तेही एका झटक्यात नाही. आधी गुडघा, मग कंबर, मग मान. माझी मैत्रीण रोसाउरा म्हणते, देवाने आपलं विष बंद केलं आणि बदल्यात कंबर मागून घेतली.

तुझं ते यंत्र कधी होणार? शिकायला गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, विष न मारता आणि बाईला न वाकवता तण काढणारं यंत्र करीन. मी तेव्हा हसले होते. आता नाही हसत. एकदा तरी दिवसभर ताठ उभं राहून काम करायचंय मला. एवढंच मागणं आहे.

तुझी मावशी,
दोमितिला


सॅक्रामेंटो, २१ मार्च

मावशी,

जेवते गं. मोठी अक्षरं वाचून शेजारच्या टेबलावरचा मुलगासुद्धा दचकला असेल.

यंत्र झालंय. चालतं, ओळ धरून जातं, पाती खाली सोडतं आणि रोपाला धक्का न लावता तण मुळापासून कापतं. आता त्याला फक्त दोन गोष्टी नीट शिकवायच्यात. एक, तण कुठलं आणि रोप कुठलं. ते जवळजवळ येतं त्याला. दुसरी, माणूस कसा दिसतो. माणूस दिसला की त्याने जागच्या जागी थांबायला हवं.

हे यंत्र फोटो बघून शिकतं. हजारो फोटो दाखवावे लागतात. आमच्याकडे माणसांचे फोटो आहेत, पण कोणाचे? आमच्याच वर्गातल्या गोऱ्या पोरांचे. अर्ध्या चड्ड्या घालून, हातात कॉफी घेऊन शेतात फिरताहेत. तू त्याला माहीतच नाहीस, मावशी. डोक्याला रुमाल, तोंडावर रुमाल, लांब बाह्यांचा स्वेटर, वर टोपी. अशी बाई त्याने जन्मात पाहिलेली नाही.

म्हणून पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन मी येतेय. तुझ्या टोळीतल्या सगळ्याजणींना शेतात बोलव. तुमचे फोटो त्याला दाखवीन. मग ते तुम्हाला ओळखेल. तुला तर पहिलं ओळखेल, कारण तुझेच सगळ्यात जास्त फोटो काढणार आहे.

सेली


ग्रीनफील्ड, १४ एप्रिल

सेली बाळ,

तू पाठवलेले फोटो मिळाले. काय सुंदर आलेत! रोसाउराने तर आपला फोटो छातीशी धरला. म्हणते, नवऱ्याने लग्नात असा काढला असता तर त्याला सोडला नसता.

तू अजून रुसली असशील, मला माहीत आहे. "कामाचे कपडे घाला, चिखल असू दे, वाकून बसा, रोज बसता तशा बसा" म्हणून तू सारखी मागे लागली होतीस आणि मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. पण पोरी, तूच सांग. आमचे फोटो कुठे जातात? सीमेपलीकडे ओआहाकाला, गावी. तुझी आजी भिंतीवर लावते, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. आजवर एका तरी बाईने उत्तरेकडून वाकलेला फोटो पाठवलाय का? इथे आम्ही कशा जगतो ते आमचं आम्हाला ठाऊक. फोटोत मात्र बाई ताठ उभी पाहिजे, केस विंचरलेले पाहिजेत आणि दोन्ही हात स्वच्छ धुऊन पोटावर ठेवलेले पाहिजेत. आईला कळलं पाहिजे, लेक सुखात आहे. मग प्रार्थना आटोपून आलो त्याच कपड्यांत आम्ही शेतात उभ्या राहिलो, त्यात काय चुकलं? तुला माणूसच दाखवायचा होता ना यंत्राला? मग चांगला दाखव की!

माझा एक फोटो मी गावी धाडला. तो निळा झगा घातलेला, लेट्यूसच्या दोन ओळींमध्ये उभी आहे तो. मागे लिहिलं, "सेलीच्या यंत्रासाठी काढला."

मावशी


सॅक्रामेंटो, २ जून

मावशी,

रुसले नव्हते. पाठ मात्र दोन दिवस दुखत होती.

आनंदाची बातमी ऐक. तुमच्याच मळ्याच्या मालकांनी यंत्र चालवून बघायचं ठरवलंय. जुलैमध्ये ते तुमच्या शेतात येईल. मला येता येणार नाही, ऑगस्टमध्ये माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे आणि अर्धं लिखाण अजून डोक्यातच आहे. पण काळजी करू नकोस, मळ्याचा एक माणूस सतत यंत्राबरोबर चालेल. त्याच्या हातात बंद करायचं बटण असेल.

माझे मार्गदर्शक प्रोफेसर हॅलोरननी फोटो पाहिले. म्हणाले, "यांत सगळ्या उभ्याच आहेत." मी म्हटलं, माणूस तो माणूस, उभा काय आणि बसलेला काय, पुढच्या हंगामात आणखी फोटो घेऊ. वेळ कुठे आहे आता? आणि खरं सांगू, तुमचे ते चेहरे बघून मला पुन्हा "वाका" म्हणायचं धाडस झालं नाही. किती छान दिसत होता तुम्ही सगळ्या. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर तुझा निळ्या झग्यातला फोटो मी मोठा करून लावलाय. येणारे जाणारे विचारतात, या कोण? मी सांगते, यांच्यासाठीच चाललंय सगळं.

सेली


ग्रीनफील्ड, ६ जुलै

सेली,

आलं गं तुझं यंत्र!

आम्ही त्याला "सून" म्हणतो. मान खाली घालून काम करते, उलट बोलत नाही, जेवायला मागत नाही. रोसाउराची खरी सून हे ऐकून दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या घाबरून बांधावर उभ्या होतो. मग रोसाउरा गेली पुढे. यंत्राच्या वाटेत उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. आणि काय सांगू, थांबलं! तिने बाजूला पाऊल टाकलं, ते चालू लागलं. पुन्हा आडवी आली, पुन्हा थांबलं. मग तिने त्याच्यासमोर नाचच केला. मुकादम कपाळाला हात लावून बसला. सगळ्या हसत होत्या, मीसुद्धा हसत होते, आवाजाशिवाय. त्यानंतर मी जाऊन उभी राहिले. माझ्यासमोरही थांबलं. मी त्याच्या काचेच्या डोळ्यात बघितलं आणि मला वाटलं, हे मला ओळखतं. तू शिकवलंयस त्याला.

तण छान काढतं. त्याच्याकडून जे थोडं सुटतं ते आम्ही मागून काढतो, तेवढं वाकावं लागतंच. पण पूर्वीसारखं नाही. काल जेवायच्या सुट्टीला मी एकाच झटक्यात सरळ झाले. कंबर कुरकुरली नाही. मला तुझ्या आईची फार आठवण आली.

काही बाया कुरकुरतात. म्हणतात, आज सून आली, उद्या सासूला घराबाहेर काढेल. मालक खरंच टोळी कमी करतील असं बोललं जातंय. ते तू बघ, तुला मोठ्या लोकांशी बोलता येतं. आणि तो बटणवाला माणूस फारसा चालत नाही बरं का. दुपारी वारा सुटला की गाडीत जाऊन बसतो, काचा वर करून. हे पण सांग त्यांना.

मावशी


सॅक्रामेंटो, २५ जुलै

मावशी,

तुझं पत्र मी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. "सून" हे नाव आता इथेही पडलंय.

मळ्याकडून अहवाल आला. काम उत्तम, रोपांचं नुकसान नाहीच म्हणायचं, विष तर थेंबभरही नाही. मोठ्या लोकांनी प्रोफेसरांचं अभिनंदन केलं, प्रोफेसरांनी माझं केलं. मावशी, मी स्वच्छतागृहात जाऊन रडून आले. आनंदानेच.

एकच तक्रार लिहिली आहे. गेल्या आठवड्यात यंत्राच्या पात्यात कुणाचा तरी हातमोजा अडकला आणि दुपारभर काम बंद पडलं. कुणी टाकला गं ओळीत हातमोजा? रोसाउराच असणार! तिला माझ्या वतीने चांगला दम दे, म्हणावं सुनेच्या तोंडात असं काहीबाही घालायचं नसतं. पाती नवी बसवावी लागली.

बटणवाल्याबद्दल परीक्षा झाली की बोलते. आत्ता मालकांना दुखावलं तर प्रबंधाला लागणारी माहिती अडकेल. तू समजून घेशील.

तुझ्या कमरेने एका झटक्यात सरळ व्हावं, याहून मोठी पदवी मला नको.

सेली


सॅक्रामेंटो, ९ ऑगस्ट

मावशी,

पत्र पाठवून दोन आठवडे झाले, उत्तर नाही. फोन तर चादरीखाली आहे. रागावलीस का? बटणवाल्याचं पुढे ढकललं म्हणून? की हातमोज्याची थट्टा लागली? अगं, मी गमतीने लिहिलं होतं.

परीक्षा वीस तारखेला आहे. चार ओळी तरी पाठव. मोठ्या अक्षरांत शिव्या दिल्यास तरी चालतील.

सेली


ग्रीनफील्ड, १३ ऑगस्ट

सेली,

मी रोसाउरा. दोमितिलाने मला तुझी परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही म्हणून खुणेने बजावलं होतं. बोट ओठावर ठेवून, मग तुझ्या फोटोकडे दाखवून. मी गप्प बसले. पण तुझी हातमोज्याची दोन्ही पत्रं मीच तिला वाचून दाखवली आणि आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

तो हातमोजा रिकामा नव्हता, पोरी.

दुपारची वेळ होती, वारा सुटला होता. दोमितिला ओळीत वाकून यंत्राकडून सुटलेलं तण काढत होती. यंत्र तिकडून वळून त्याच ओळीत परत आलं. तसं ते यायला नको होतं, पण आलं. मी दोन ओळी पलीकडे होते. मला दिसलं ते तिच्या जवळ पोचलंय, पण मी म्हटलं थांबेल, आपल्यासमोर नेहमी थांबतं. तिनेही बघितलं त्याच्याकडे. मान वळवून बघितलं, हे मी शपथेवर सांगते. आणि पुन्हा खाली बघून काम करायला लागली. उठली नाही, हलली नाही.

ते थांबलं नाही.

मी ओरडले. वाऱ्यात माझा आवाज कुठे जातो? बटणवाला गाडीत, काचा वर. आणि तिला तर ओरडताच येत नव्हतं. तिचं तोंड उघडं होतं, सेली. पूर्ण उघडं, आणि आवाज नाही. मी आयुष्यात खूप वाईट बघितलंय, तसं कधी बघितलं नाही.

उजवा हात गेला. अंगठा राहिलाय, बाकी बोटं गेली.

दवाखान्यात मळ्याचा माणूस आला होता. तो म्हणाला, चूक तिची, यंत्राच्या वाटेत बसायचं नाही असं सांगितलं होतं. कुणी सांगितलं होतं? कधी? आम्हाला कामच मुळी त्याच ओळीत दिलं होतं! मग अहवालात त्यांनी काय लिहिलं ते तुझ्याच पत्रातून आम्हाला कळलं.

मी तिला विचारलं, बाई, तू उठली का नाहीस? तिने डाव्या हाताने हवेत कॅमेरा धरल्यासारखं केलं. मग आपल्या छातीवर हात ठेवला. मग शेताच्या दिशेला, यंत्राकडे बोट केलं. माझा फोटो दाखवलाय त्याला, ते मला ओळखतं. एवढंच तिला म्हणायचं होतं.

आता ती बोलत नाही आणि लिहीतही नाही. तूच सांग, काय उरलं?

रोसाउरा


सॅक्रामेंटो, ३ सप्टेंबर

मावशी,

मी येऊन गेले त्याला अडीच आठवडे झाले. तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. मी काय काय बडबडले मला आठवत नाही. तू एकदाही मान हलवली नाहीस. निघताना मी तुझ्या पाठीला हात लावला आणि तू खांदा काढून घेतलास. बरोबर केलंस.

तिथे सांगता आलं नाही ते लिहिते. यंत्र जे जे बघतं ते साठवून ठेवतं. परत आल्यावर मी त्या दुपारचे फोटो काढून बघितले. प्रत्येक वस्तूभोवती ते चौकट आखतं आणि तिला नाव देतं. दोन ओळी पलीकडे रोसाउरा उठून उभी राहिलीय, तिच्याभोवती चौकट आहे, वर लिहिलंय "माणूस". तुझी तपकिरी स्वेटरमधली पाठ खाली वाकलेली आहे. तिच्यावर लिहिलंय "माती". आणि रोपांमधल्या तुझ्या हातावर, हिरव्या मोज्यातल्या, लिहिलंय "तण".

मावशी, त्याने तुला ओळखलं नाही, कारण मी त्याला वाकलेली बाई कधी दाखवलीच नाही. तू धपाटा घातलास म्हणून नाही. प्रोफेसरांनी विचारलं होतं, तेव्हा मी घाईत होते म्हणून. मी लहानपणापासून तुला वाकलेलीच बघितलंय, शाळेच्या बसमधून रोज बघायचे. मला माहीत होतं माझी मावशी कशी दिसते. आणि मी यंत्राला तिचा निळा झगा दाखवला.

परीक्षेत मी हे सगळे फोटो पडद्यावर लावले. मळ्याचे लोक बसले होते, ते म्हणाले हातमोजा होता. मी म्हटलं, हात होता, आणि नाव सांगितलं. तुझं पूर्ण नाव, मोठ्याने. ते उठून गेले. वकिलाचं पत्र आलंय, पण सरकारी तपासनीसालाही मी तेच सांगितलंय आणि तेच सांगत राहीन. प्रबंध मी मागे घेतला. यंत्र बंद करून घेतलं. भिंतीवरचा तुझा फोटो उतरवून ठेवलाय. त्याच्याकडे बघवत नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते. ते लिहायचीसुद्धा लाज वाटते.

सेली


ग्रीनफील्ड, ऑक्टोबर

सेली

अक्षर मोठं आलंय. ओरडत नाहीये. डाव्या हाताला लहान काढता येत नाही.

हळूहळू लिहिते. रोसाउरा कागद धरते.

माफ केलं असं समजू नकोस. केलं तर कळवीन.

यंत्र बंद केलंस. आमचं काय झालं? सगळ्या पुन्हा वाकल्या. मी नाही. मी दिवसभर दारात ताठ उभी असते. मागितलं होतं ते मिळालं.

गावच्या फोटोत माझे दोन्ही हात आहेत. आईला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

यंत्र पुन्हा कुणीतरी आणणारच. तू नाही तर दुसरा कुणी. त्यालाही आम्ही माती दिसू.

म्हणून रविवारी ये. कॅमेरा आण. सगळ्या येतील. झगे नाहीत. कामाचे कपडे, रुमाल, चिखल. सगळ्या वाकून बसतील. मीपण बसेन. हात ओळीत ठेवीन. आहे तसा काढ.

हे फोटो गावी पाठवायचे नाहीत.

यंत्राला दाखव.

मावशी